चटईआडची क्रियापदं

९ नोव्हेंबर

आले एकदाची. खालच्या मोकोलो शहरातून आणणाऱ्या मोटारसायकलवाल्याने पायथ्याशीच उतरवलं. वर चल म्हटलं तर म्हणाला, गाडी चढत नाही. मागच्या खेपेला हाच माणूस हीच गाडी घेऊन थेट आमच्या दारात आला होता. हुज्जत घातली, उपयोग झाला नाही. मग बॅग डोक्यावर, रेकॉर्डर गळ्यात, बॅटऱ्यांचा खोका काखेत, अशी वरात चढून आले.

तीन वर्षांनी लेक दारात उभी राहिली तर आईने पहिला शब्द काय काढावा? "वाळलीस."

"बा कुठाय?"

"खाली गेलाय. कांदे विकायला."

कांदे अजून वाफ्यात हिरवेगार आहेत, येताना मी पाहिले. पण गप्प बसले. मी येणार म्हणून तो निघून गेला, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही. पलीकडच्या डोंगरावरचं स्थळ त्याने पक्कं केलं होतं, देजाच्या बकऱ्यासुद्धा येऊन बांधल्या गेल्या होत्या, आणि मी पळून मारुआला विद्यापीठात नाव घातलं. बकऱ्या त्याला एकट्याने परत हाकत न्याव्या लागल्या, सगळ्या गावासमोर. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. फोन आईकडे देतो. या खेपेला मात्र त्याच्याकडून एक वाक्य घेतल्याशिवाय मी उतरणार नाही. शिवी असली तरी चालेल.

आईने भाजके शेंगदाणे पुढे ठेवले, सालांसकट. दोन घास खाल्ले आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. लहानपणापासूनचं आहे, ते लाल साल माझ्या घशात चिकटतं. बा तळहातावर चोळून, फुंकर मारून मग द्यायचा. आई म्हणायची, फुकटचे चोचले. आजही तेच म्हणाली.

१२ नोव्हेंबर

थोरल्या घरी जाऊन आले. थोरले म्हणजे आमचे राजे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तेच गादीवर आहेत. माझा सगळा प्रबंध त्यांच्या जिभेवर लटकलाय. आमच्या बोलीत क्रियापदाला शेपट्या लागतात. 'नेलं' म्हणून भागत नाही. वर नेलं, खाली नेलं, जाता जाता नेलं, दुसऱ्यासाठी नेलं, प्रत्येकाला वेगळी शेपटी. त्यात एक जुनी आहे, 'ग्झा'. ती लागली की झालेली गोष्ट कायमची झाली, आता कुणाला फिरवता यायची नाही. माझ्या वयाचं कुणी ती वापरत नाही. प्रबंध करून घेणाऱ्या आमच्या न्गोनो बाई मला म्हणतात, कुवे, ते म्हातारे गेले की तीही गेली, पळ.

दारात क्वारुंबा आत्या भेटली, थोरल्यांची बहीण. म्हणाली, "ताप आहे. कुणाला भेटत नाहीत."

मी सगळं समजावून सांगितलं, रेकॉर्डर दाखवला. तिने भलतंच विचारलं. "रोज येशील?"

"रोज येईन."

"पुढच्या वाटेनं? चारचौघांना दिसेल अशी?"

मी म्हटलं, त्यात लपवायचंय काय. तेव्हा "आत विचारून सांगते" म्हणाली.

ओसरीवर देली लोहार बसला होता, काही न करता. आमच्याकडे औषधही लोहार देतो आणि मयताचं सगळंही लोहारच करतो, त्यामुळे तो कुठे बसलेला दिसला तर काय समजायचं ते कळत नाही. मी नमस्कार केला. त्याने मान हलवली आणि माझ्या गळ्यातल्या रेकॉर्डरकडे बघत राहिला.

१५ नोव्हेंबर

परवानगी मिळाली. काय सांगू, उड्या माराव्याशा वाटल्या.

आतल्या खोलीत आडवी चटई टांगलीय. थोरले चटईपलीकडे, मी अलीकडे, मध्ये क्वारुंबा आत्या. आजारी राजाचा उघडा आवाज ऐकला तर आजार ऐकणाऱ्याला लागतो म्हणतात, म्हणून ते लांब, पोकळ भोपळ्यातून बोलतात. भोपळ्याच्या तोंडाला कोळी किड्याच्या कोशाचा पापुद्रा चिकटवलेला, त्यामुळे आवाज मधमाश्यांच्या पोळ्यातून आल्यासारखा घुमतो. रेकॉर्डिंगची वाट लागणार, पण शब्द कळतात.

"क्रियापद म्हणजे काय?" पहिला प्रश्न त्यांनीच टाकला.

"माणूस जे करतो ते."

"मग तू काय करतेस?"

"मी त्याची टिपणं करते."

पलीकडे खोकला आला. हसण्याचा होता की तापाचा, कळलं नाही.

चटईखालून एक वाटी सरकली. शेंगदाणे, भाजलेले, एकूण एक साल काढलेलं. मुठीने खाल्ले. थोरल्या घरची रीतच निराळी. आमच्या आईला दाखवायला हवं.

२२ नोव्हेंबर

काम जोरात. थोरल्यांना कंटाळा माहीत नाही. एकेक क्रियापद डोंगर चढवून, उतरवून, आत नेऊन, बाहेर काढून दाखवतात. 'ग्झा' मात्र चटकन आठवत नाही. मग चटईआड कुजबुज होते, क्वारुंबा आत्या काहीतरी सांगते, आणि मग उत्तर येतं. एवढ्या तापात स्मरणशक्ती ती किती चालणार. गंमत म्हणजे 'पेरलं' हे ते आमच्या आळीसारखं ओढून म्हणतात. थोरल्या घरात तसं म्हणत असतील असं वाटलं नव्हतं. टिपून ठेवलं.

निघताना आत्या म्हणाली, "पाण्यावर जातेस ना? सांगत जा बायकांना, आज थोरले काय काय बोलले ते."

सांगितलं. झऱ्यावर सगळ्या घागरी थांबल्या. एकीने विचारलं, "तू स्वतः ऐकलंस?" म्हटलं, स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि यंत्रातही आहे. "म्हणजे आहेत म्हणायचे," ती म्हणाली, आणि दुसरी तिला कोपर मारून म्हणाली, "शिकलेली पोरगी खोटं कशाला सांगेल." मला जरा बरं वाटलं. गावात मला इतक्या मानाने कुणी विचारलं नव्हतं.

३ डिसेंबर

बाचा पत्ता नाही. फोन करायला निघाले तर त्याचा फोन घरातच सापडला, ज्वारीच्या कणगीमागे. फोन विसरून गेला, आई म्हणते. तिने त्याचं कुदळ-फावडं मामाला देऊन टाकलं. "आला की बोंब मारेल," मी म्हटलं. ती म्हणाली, "मारू दे."

ती रोज तिन्हीसांजेला झाकलेलं मडकं घेऊन जाते. "कुणाला गं?" "क्वारुंबाला. तिच्याकडे पाहुणा आहे." मी आज दिवसभर त्या घरात होते, पाहुणाबिहुणा कुणी दिसला नाही. आणि घरात ती स्वतः दोन घास खाऊन उठते. म्हातारपणी माणसं लहरी होतात हेच खरं.

थोरल्यांनी आज शहराची चौकशी केली. जेवायला काय मिळतं, खोलीला कडी आहे का, सोबत कोण राहतं. मग म्हणाले, "पँट घालतेस म्हणे. तुझ्या बापाला चालतं?"

"बा माझ्याशी बोलतच नाही," मी म्हटलं. "चालतं की नाही कसं कळणार?"

भोपळ्यावर नख वाजलं, टिक टिक. काही सांगायचं असलं की ते आधी असं वाजवतात. पण आज नुसतं नख वाजलं आणि आत्याने मला वाटी पुन्हा भरून दिली.

१३ डिसेंबर

गावाला काय झालंय कळत नाही. सण नाही, लग्न नाही, आणि घराघरात ज्वारी भिजत घातलीय, लाल दारूसाठी. तीही थोडी थोडी, धूर एकाच घरातून जास्त दिसू नये म्हणून की काय. ढोल खुंट्यांवरून काढून ठेवलेत. पोरं मोठ्याने ओरडली तर गप्प करतात. देली लोहाराच्या अंगणात बकऱ्यांची कातडी ताणून वाळत घातलीत, मी एवढी कातडी एका जागी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणाला, "थंडी आहे." थंडी आहे खरी, धुळीचा वारा सुटलाय, समोरचा सुळका दिसत नाही. पण एवढ्या कातड्यांत सगळं गाव मावेल.

"कुवे, तू कधी जाणार?" त्याने विचारलं.

"काम संपलं की."

"संपव," तो म्हणाला. धमकी नव्हती. पण घरी येईपर्यंत मी दोनदा मागे वळून बघितलं.

वरच्या खडकावर चढून न्गोनो बाईंना फोन लावला. त्या खूश. म्हणाल्या, हात-पाय हलवायची क्रियापदं खूप झाली, आता मनाची घे. राग, विसरणं, वाट बघणं. त्यांना 'ग्झा' लागते का ते बघ.

१८ डिसेंबर

आज सोनं सापडलं.

'रागावणे' घेतलं. मी साधं वाक्य द्यायचं, थोरल्यांनी ते जुन्या तऱ्हेने परत म्हणायचं, असं आमचं ठरलेलं. उदाहरण सुचेना, म्हणून सहज म्हटलं, "बा माझ्यावर रागावला."

म्हटलं त्यांनी.

"बा माझ्यावर रागावला होता."

तेही म्हटलं.

"बा माझ्यावर अजून रागावलेला आहे."

नख वाजलं. "पुढचं घे."

"हे राहिलं."

"हे नाही होत."

"का? बोलीत बसत नाही?"

"बोलीत बसतं. पुढचं घे."

पुढचं दिलं. "बा माझ्यावर रागावलेलाच राहील." क्वारुंबा आत्या उठून उगाच चूल फुंकायला गेली, चुलीत विस्तव नव्हता. मग भोपळा घुमला. "असं कुणी म्हणत नाही."

टीप: 'रागावणे'चं भविष्यकाळी रूप नाही? तपासणे.

आणि मग, मी काही न विचारता, आपणहून त्यांनी एक वाक्य दिलं. "बाचा राग उतरला." शेवटी ठसठशीत 'ग्झा'. कायमचा उतरला, परत चढणार नाही. न मागता मिळालेली पहिली 'ग्झा'. मी हरखून गेले. आवाज स्वच्छ यावा म्हणून पुन्हा म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळी मध्येच खोकला आला, म्हणून तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. बिचाऱ्यांनी म्हटलं. तिसऱ्या वेळी आवाज फारच खाली गेला, पण पहिलं वाक्य चांगलं आलंय, ते वापरता येईल.

२० डिसेंबर

थोरले आज म्हणाले, "आता पुरे. हे शेवटचं."

मी गयावया केली. 'विसरणे' राहिलंय, 'वाट बघणे' राहिलंय. ते म्हणाले, "आज तू सांग, मी ऐकतो. एक दिवस सांग तुझा. सकाळी उठतेस तिथून."

आता यात माझा काय फायदा? पण राजा माणूस, सांगितलं. नळावरची रांग, वर्गातली गर्दी, खानावळीतली पातळ भाजी, परीक्षेत पहिली आले तो दिवस आणि तो कुणाला सांगावा हे न कळून एकटीनेच बाटलीभर गोड सरबत प्याले ते. कशाला बोलले एवढं कोण जाणे. शेवटी चटईआडून म्हणाले, "अजून बोलतेस बरी." बोलीबद्दल म्हणाले असावेत.

बाहेर येऊन आत्याच्या पाया पडले, चप्पल घातली, आणि रेकॉर्डर आतच राहिला हे आठवलं. परत गेले तर आत्याने तो उंबऱ्यावर आणून ठेवला होता. तिने माझ्या गालाला हात लावला. तिचा हात गार होता.

२३ डिसेंबर

पहाटे ढोल. थोरले गेले.

मी धावत गेले. अंगण भरलेलं. क्वारुंबा आत्याचं डोकं भादरलेलं. देलीने मयत कातड्यांत शिवून, टोपी घालून खांद्यावर बसवलं होतं आणि ढोलाच्या ठेक्यावर नाचवत होता, राजाला नाचवायचीच रीत आहे. पण देली साठीचा, आणि थोरले धिप्पाड होते. त्याने ओझं असं सहज पेललं होतं की जणू आत पेंढा भरलाय. कातड्यांचा आवाज कोरडा येत होता. तापाने माणूस इतका सुकतो?

तो जवळ आला तेव्हा मी रडत म्हटलं, "परवापरवा तर बोलले माझ्याशी. इतक्यात कसे गेले?"

देली नाचायचा थांबला नाही. नुसतं माझ्याकडे पाहून म्हणाला, "इतक्यात?"

आसपासच्या बायका बाजूला सरकल्या. झऱ्यावर मला विचारणारी ती तर तोंडावर हात ठेवून मागे गेली. आणि मग मला आई दिसली. भिंतीपाशी, एकटी. तिचंही डोकं भादरलेलं, आणि गळ्यात विधवेची दोरी.

"आई, तू का?"

"घरी चल," ती म्हणाली.

२४ डिसेंबर

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

थोरले पावसाच्या शेवटी गेले. मी मोकोलोत उतरले त्याच्या खूप आधी. ज्वारी कणगीत पडून, नवा राजा ठरेपर्यंत मरण उघड करायचं नाही, नाहीतर भावाभावांत सुरे निघतात. तोवर कुणीतरी चटईआड बसून त्यांचं जेवायचं, त्यांची दारू प्यायची, त्यांच्यासारखं बोलायचं. ते काम आमच्या घराचं आहे. पिढ्यानपिढ्या. या वेळी पाळी बाची. मला कुणी कधी सांगितलं नाही, कारण माझ्या हयातीत राजा मेलाच नव्हता.

ढोल वाजायच्या आत चटईआडच्या माणसाने गाव सोडायचं. मेलेल्याचा आवाज त्याच्या तोंडात राहिलेला असतो. देलीने त्याला पहाटे पलीकडच्या उतारापर्यंत नेऊन सोडलं. तो आता मेलेला. त्याचं नाव घ्यायचं नाही. पुढेमागे कुठल्या बाजारात दिसला तर ओळख द्यायची नाही, त्यानेही नाही, आपणही नाही.

मी आईवर ओरडले. इतकी ओरडले की शेजारची भिंतीशी येऊन उभी राहिली. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मला वापरलं, मी झऱ्यावर जाऊन शपथा खाल्ल्या, आणि तू, तू रोज त्याचं जेवण घेऊन माझ्यासमोरून गेलीस.

"सांगितलं असतं तर गेली असतीस का तिथं?" आई म्हणाली.

"नसते गेले. त्याला बाहेर ओढलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं." मग दोरीशी चाळा करत म्हणाली, "बसायच्या आधी त्याला एक मागणं मागता येतं. त्याच्या आज्यानं शेत मागितलं होतं. वडीलधारे म्हणाले, तू बैल माग, आम्हाला कळायला सोपं. हा म्हणाला, आत्ता काही नको, मागेन तेव्हा द्या. मग तू त्या दारात जाऊन उभी राहिलीस. वडीलधाऱ्यांना भीती, पोरगी ओळखेल. क्वारुंबानं सगळ्यांना पटवलं, पोरगी रोज येता-जाता दिसली तर उलट बरंच आहे. आणि यानं आतून सांगितलं, तिला येऊ द्या, हेच माझं मागणं."

मला वाटीतले शेंगदाणे आठवले. एकूण एक साल काढलेले. तिथं रोज बसून मी ते खाल्ले आणि राजघराण्याची रीत म्हणून टिपून ठेवलं. मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

२७ डिसेंबर

देली आला. अंगणात उकिडवा बसला आणि म्हणाला, "ते यंत्र लागेल मला."

त्याचा आवाज गावात राहता कामा नये. यंत्र मडक्यात घालून थोरल्यांच्या थडग्यात जाईल, त्याशिवाय थडग्याचं तोंड बंद करता येत नाही.

"आणि नाही दिलं तर?"

"तुला काय, तू जाशील. तुझी आई इथंच आहे."

"माझं सगळं काम आहे त्यात."

"कागद ठेव. कागदाला आवाज नसतो."

मी दरवाजा लावून घेतला. आतलं कार्ड काढून बुटात घालायचं आणि उद्या पहाटे उतरायचं असं ठरवून टाकलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "घेऊन जा. मी बघेन माझं."

दुपारी ती पाण्याला गेली. मी मागून गेले. भरलेली घागर एकटीने डोक्यावर चढत नाही, कुणीतरी हात लावावाच लागतो. झऱ्यावर पाच-सहा जणी होत्या. आईने घागर भरली आणि उभी राहिली. कुणी पुढे आलं नाही. कुणी वाईटही बोललं नाही, नुसत्या आपापल्या घागरीत बघत राहिल्या. मग तिने अर्धं पाणी ओतून टाकलं आणि अर्धी घागर गुडघ्यावर घेऊन, धडपडत डोक्यावर चढवली. मी पुढे व्हायच्या आत ती वाटेला लागलीसुद्धा.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "देते. पण आधी तू ऐक."

अंगणात अजून बसलेला देली म्हणाला, "हळू आवाजात लावा. मी ऐकत नाही." आणि भिंतीपलीकडे जाऊन बसला.

आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून ऐकत बसलो. ऊन सरकत सरकत कणगीवर गेलं तरी ऐकत होतो. आई मध्येच म्हणाली, "एवढा बोलायचा? माझ्याशी जन्मात एवढा बोलला नाही." पँटीच्या वाक्याला ती चक्क हसली. रागाचं वाक्य आलं तेव्हा मी यंत्र थांबवलं. ती म्हणाली, "लाव." तिन्ही वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी आवाज का खाली गेला होता, ते आता एखादं पोरही सांगेल. मला तेव्हा स्वच्छ आवाज हवा होता.

शेवटच्या दिवसाचं संपलं. माझ्या पावलांचा, चपलांचा आवाज. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. भोपळा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बाचा आवाज. उघडा. त्याचा स्वतःचा.

"गेली?"

"बाहेर आहे. चप्पल घालतेय." क्वारुंबा आत्या.

"नाही ना ओळखलं?"

"नाही."

"हुशार म्हणे." खोकला. मग म्हणाला, "पहिली आली. ऐकलंस ना? पहिली."

"ऐकलं. आता गप्प बस."

"तो लाल दिवा कसला जळतोय गं?"

"तिचं यंत्र. विसरली वाटतं."

मग नख वाजलं, पण भोपळ्यावर नाही, जवळ, अगदी यंत्रावरच. टिक टिक. "असू दे," तो म्हणाला. "पोचव तिला."

आईने यंत्र माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं, आणि बाहेर जाऊन देलीला दिलं. मी उंबऱ्यावर बसून होते. रडले, लाज न बाळगता रडले. देलीने ते मडक्यात ठेवून वर मातीचं झाकण लिंपलं. जाताना मला म्हणाला, "पायाला जखम नव्हती, पाणी होतं जवळ, वारा पाठीशी होता." बस्स, एवढंच. उतारावर सोडलेल्या माणसाबद्दल त्याहून जास्त त्याला बोलता येत नव्हतं.

२८ डिसेंबर

थोरल्यांचं थडगं बंद झालं. आईच्या घागरीला क्वारुंबा आत्याने हात लावला.

खडकावर जाऊन न्गोनो बाईंना सांगितलं, यंत्र पाण्यात पडलं. त्या म्हणाल्या, दुसरं कुणी नाही का बोलणारं? म्हटलं, आई आहे. तिची नवी क्रियापदं आहेत, जुनी नाहीत.

३० डिसेंबर

मोकोलोहून मारुआच्या बसमध्ये लिहितेय. मोटारसायकलवाला आज दारापर्यंत वर आला होता, गाडी मजेत चढली.

आईने निघताना काही बांधून दिलं नाही. कणगीतलं गावजेवणाला गेलं, तू खालीच काहीतरी घे, म्हणाली. मोकोलोच्या बाजारातून बस सुटायची होती, मी खिडकीशी बसले होते. धुळीच्या वाऱ्यामुळे सगळ्यांनीच तोंडाला फडकी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते. बसभोवती विकणाऱ्यांची ही गर्दी. कुणीतरी खिडकीच्या पत्र्यावर नख वाजवलं. टिक टिक. एक हात आत आला, माझ्या मांडीवर कागदाची पुडी पडली, आणि हात गेला.

मी वळून पाहिलं नाही. ओळख द्यायची नाही असं आहे, आणि आईला तिथंच राहायचंय. समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत राहिले, बस हलेपर्यंत. कंडक्टर म्हणाला, "बाई, त्याला पैसे दिलेत का? मागे बघा, उभा आहे अजून." मी म्हटलं, "दिले."

शहर सुटल्यावर पुडी उघडली. शेंगदाणे आहेत. सालं काढलेली आहेत. बाजारात हल्ली असेच मिळत असतील, असं मी इथं लिहून ठेवते.